खूण माझ्याच नावापुढे

मी ड्रॉवरमधून बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर चालवून घ्या, पंखा जळालाय माझा. मी ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं रंगवायची, हा माझा जन्मभराचा धंदा.

कारखान्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते या घरापासूनच. मालक कार्टूनं करतो. जाहिरातींची पोटासाठी, आणि उरल्या वेळात आईसाठी एकच, लंगड्या बदकाचं. लहानपणी तो जेवायला नाटकं करायचा, तेव्हा आईनं ही गोष्ट रचली होती. बदक नदी ओलांडून घरी पोचतं, बस. पण ताट रिकामं होईपर्यंत ती बदकाला पाण्यातच ठेवायची.

आता तिचे डोळे जात चालले होते. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. दिसतंय तोवर तिला बदक दाखवायचं, एवढ्यासाठी मालक जिवाचं रान करत होता. आणि माझ्याच्यानं काम उरकत नव्हतं. पाण्याची एकेक लाट रंगवताना माझी दमछाक व्हायची.

म्हणून दुसरं कार्ड आलं. बसवायला मालकाचे दाजी आले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. "दोन बैल जुंपले की गाडी पळणारच," म्हणत त्यांनी धाकट्याला माझ्या खाली खोचलं. त्याचे निळे दिवे लागले.

"बघ, लागलं कामाला," दाजी म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

कसलं लागतंय. दुसरं कार्ड नुसतं बसवून भागत नाही. चित्रं रंगवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याच्या नावापुढे खूण करावी लागते. ती कुणी केलीच नाही. दाजींना वाटलं मालक करेल, मालकाला वाटलं दाजींनी केली. खूण माझ्याच नावापुढे राहिली. धाकटं दिवे लावून आरामात बसलं, वर माझ्या पंख्याची हवाही अडवली. राबायचं मी आणि कौतुक त्याचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा, पण मला तोंड कुठंय?

"नवीन आणलंस ना, मग एवढा वेळ का लागतोय रे?" आई विचारायची.

"काम मोठं आहे गं."

ती खुर्ची पडद्याजवळ ओढायची. रोज थोडी अजून जवळ. मग एक दिवस तिनं खुर्ची ओढायचंच सोडलं.

मी जळालो तेव्हा बदक नदीच्या मध्यावर होतं. मालकानं मला काढलं, पडद्याची वायर धाकट्याला लावली, प्रोग्रॅम उघडला, आणि धाकट्याच्या नावापुढची खुणेची रिकामी चौकट त्याला दिसली. तो डोकं धरून बसला. मग खूण केली. उरलेली नदी धाकट्यानं बघता बघता पार केली.

आई पडद्यासमोर बसली, तोंड भिंतीकडे. मालक शेजारी बसून सांगत होता, आता पाणी वाढलं, आता पाय घसरला.

"पोचलं का रे घरी?"

"पोचलं."

दाजी म्हणतात, हे जुनं भंगारात टाक. मालक टाकत नाही. ड्रॉवर उघडला की मी दिसतो, आणि तो लगेच बंद करतो. खरं काय झालं ते आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही. बाबा रे, टाकून दे मला. माझ्याकडे बघून स्वतःला खात बसू नकोस. आईला एकदा सांगून मोकळा हो. ती काही रागावणार नाही. कालच विचारत होती, बदकाला रंग कुठला दिलास म्हणून.