गाण्यातली तेजल

पिंपळे सौदागरला एका मिठाईच्या दुकानावर भाग्यश्री मॅडमचं क्लिनिक आहे. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना त्या बोलायला शिकवतात. त्या दिवशी त्यांनी टेबलाच्या खणातून टिकटिक करणारं एक छोटं यंत्र काढून धनेशसमोर ठेवलं आणि धनेशला हसावं की रडावं तेच कळेना.

"हा मेट्रोनोम. ह्याच्या एकेका ठोक्यावर एकेक अक्षर बोलायचं. सवय झाली की यंत्र बंद, मग मुलं नुसतं बोटानं ठेका धरतात," मॅडम म्हणाल्या. "आईसमोर तेजल छान बोलायला लागलीय. म्हणून आज मुद्दाम तुम्हाला बोलावलं."

धनेशला ठोका समजावून सांगणाऱ्या या बाईंना समोर कोण बसलंय हे ठाऊक नव्हतं असं नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते तोंडावर येऊ दिलं नाही, आणि त्याबद्दल धनेशला त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्याची नऊ वर्षांची लेक बाहेरच्या खोलीत चित्रं रंगवत बसली होती. दिवाळीपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. जेवायला बोलावलं तर यायची, विचारलं तर मान हलवायची, रात्री आईच्या कुशीत तोंड घालून कुजबुजायची. बापाशी मात्र नाही. आता होळी होऊन गेली होती. आणि हिचं औषध काय निघावं, तर ठेका! ज्यावर धनेशचं सगळं आयुष्य चाललं होतं तोच. देवानं औषध नेमकं आपल्याच दुकानात ठेवलं म्हणायचं, असं त्याला वाटलं आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या पोटात आशा हलली. आज पोरगी बोलेल.

धनेश हिपहॉपचा प्रोड्युसर. म्हणजे नक्की काय, हे त्याच्या वडिलांना, अर्जुनरावांना, अजून कळलेलं नाही. गाणारा दुसरा, गाणं लिहिणाराही तोच, मग ह्याला पैसे कशाचे मिळतात? अर्जुनराव परभणीकडून भोसरीला आले आणि त्यांनी जन्मभर प्रेसवर पत्रे दाबले. कान निम्मे गेले, पण घर उभं राहिलं. धनेशही सुरुवातीला चाकणच्या एका प्रेस शॉपमध्येच लागला. फरक एवढाच, की बाप त्या आवाजाला शिव्या द्यायचा आणि पोरगा तो आवाज फोनमध्ये भरून आणायचा. प्रेसचा दणका, फोर्कलिफ्टची पीं-पीं, कँटीनच्या ताटांचा खणखणाट, सगळं कापायचं, जोडायचं आणि त्याचा ठेका करायचा. मित्रांनी त्याचं नावच 'पत्रा' पाडलं. त्याच नावानं तो पुढे मोठा झाला.

मोठा झाला तो एका गाण्यावर. तेव्हा तेजल पाच वर्षांची होती. तिसऱ्या शिफ्टला जायला धनेश बूट घालत होता, नेहमीच्या सवयीनं फोनचं रेकॉर्डिंग चालू होतं, कारण जिन्यातल्या लोखंडी दाराचा आवाज त्याला हवा होता. तेवढ्यात आतून तेजल धावत आली. तिची जीभ अडखळायला तेव्हाच लागली होती. "प-प-प-पप्पा, थांबा ना!"

धनेश थांबला नाही. बस चुकली असती. पण बसमध्ये त्यानं ते कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. मायक्रोफोनच्या जवळून आलेला तो 'प' ढोलासारखा वाजत होता, आणि त्या तीन ठोक्यांची जागा इतकी अचूक पडली होती की एखाद्या कसलेल्या वादकाला जमू नये. त्याला भरून आलं. खोटं कशाला सांगायचं, ते प्रेमच होतं. पण त्या प्रेमाला लगोलग कामाला लावायची खोड त्याला होती.

त्यानं त्याचा ठेका केला. त्याचा रॅपर मित्र जयदीप ह्यानं त्यावर रात्रपाळीला जाणाऱ्या बापाचं गाणं लिहिलं. 'थर्ड शिफ्ट'. दर कडव्यानंतर तेजलचा आवाज यायचा, प-प-प-पप्पा, थांबा ना, आणि मागून प्रेसचे दणके. गाणं वाईट असतं तर फार बरं झालं असतं. गाणं चांगलं होतं. कंपनीच्या बसमध्ये ते लागलं की गडी खिडकीबाहेर बघायला लागायचे. एका हेल्परनं भर रस्त्यात धनेशला मिठी मारली आणि म्हणाला, "भावा, माझी पण पोरगी गावाला हाय." मुंबईच्या कंपनीनं गाणं विकत घेतलं, धनेशनं नोकरी सोडली, पिंपळे सौदागरला फ्लॅट झाला, खोलीभर स्पीकर आले.

अर्जुनरावांना गाणं ऐकवलं तेव्हा त्यांनी कान स्पीकरला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"लेकराचं दुखणं इकलास की रे तू," ते म्हणाले.

"बाबा, लोक रडतात हे ऐकून."

"लोक रडतेत. लेकरू काय करतंय, ते बघ."

म्हातारा काहीतरी बोलायचाच म्हणून धनेशनं ते कानाआड केलं. सोसायटीचा वॉचमन त्याला बघून प्रेमानं ओरडायचा, "या या, प-प-प-पप्पा!" तेजल बरोबर असली तर ती बापाचा हात सोडायची. मग शाळा. वर्गात तिनं उत्तराला हात वर केला की मागच्या बाकावरून प-प-प सुरू. तिनं हात वर करणं सोडलं. धनेशची बायको, वर्षाली, पिंपरीच्या एका लॅबमध्ये काम करते. तिनं दोनतीनदा विषय काढला.

"अहो, तिला चिडवतात. गाणं काढून टाकता नाही का येणार?"

"अगं, फेमस झालीय पोरगी! मोठी झाली की अभिमानानं सांगेल सगळ्यांना."

हे वाक्य त्याला आता आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. पण तेव्हा तो हसत हसत बोलला होता.

आणि मग चऱ्होलीचं लॉन. चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगारांचं दिवाळीनंतरचं स्नेहसंमेलन होतं, सगळे बायकापोरांसह आलेले. जयदीप गात होता, धनेश मागे आपल्या यंत्रांपाशी. वर्षालीनं निघतानाच बजावलं होतं, की तेजलला पुढे करायचं नाही. पण गाणं संपल्यावर गर्दी "पुन्हा, पुन्हा" करायला लागली आणि जयदीप माइकवर बोलून गेला, "राव, जिचा हा आवाज आहे, ती पोरगी आज इथंच आहे!" माणसं उठून उभी राहिली. धनेश स्वतः खाली उतरला. "एकदाच गं," असं वर्षालीला म्हणाला आणि त्यानं लेकीला उचलून स्टेजवर ठेवलं. खणाचं परकर-पोलकं घातलेली तेजल माइक धरून उभी राहिली. तिनं एवढ्या माणसांकडे बघितलं, मग वळून बापाकडे बघितलं.

"घ-घ-घ-"

तिला घरी जायचं होतं. "घरी चला," एवढंच म्हणायचं होतं. पण शब्द सुटेना. लोकांना वाटलं, हे काहीतरी नवीन आहे. टाळ्या पडल्या. "घ-घ-घ!" सगळं लॉन तिच्याबरोबर म्हणायला लागलं, बाया, म्हातारे, खांद्यावर बसलेली पोरं. त्या गर्दीत तिला हिणवणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना ती आपलीच पोर वाटत होती. आणि धनेशच्या हातांनी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, त्या अडखळण्याखाली यंत्रावरचा ढोल सोडला. बरोब्बर ठोक्यावर! गर्दी नुसती पेटली.

मग त्यानं तिचं तोंड बघितलं.

तेजलनं माइक फेकला नाही. खाली वाकून तो जमिनीवर नीट ठेवला, पायऱ्या उतरली आणि आईच्या मांडीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईशी बोलली, बापाशी नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. धनेशनं माफी मागितली, खेळणी आणली, कान पकडले, रडला. मुंबईच्या कंपनीच्या हातापाया पडून इंटरनेटवरून गाणं उतरवलं. पण लोकांनी आपापल्या फोनमध्ये भरून घेतलेलं गाणं कोण उतरवणार? अजूनही मोशीच्या टपरीवर ते लागतं. मग धनेश चहा तसाच टाकून निघून जातो.

"तेजल, आत ये बाळा," भाग्यश्री मॅडमनी हाक मारली.

ती आली. बापापासून लांबच्या खुर्चीत बसली. मॅडमनी यंत्र सुरू केलं, थोड्या वेळानं बंद केलं, आणि तेजलचं उजव्या हाताचं बोट टेबलावर पडायला लागलं.

"आज. शा-ळेत. भू-गो-ला-चा. पे-पर. हो-ता." मॅडमकडे बघत ती म्हणाली. "म-ला. सो-पा. गे-ला."

चार वर्षांत धनेशनं तिच्या तोंडून असं सलग वाक्य ऐकलं नव्हतं. अक्षरं जरा सुटी सुटी येत होती, पण येत होती. त्याचे डोळे भरले. आपली पोर बोलतेय, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, असं त्याला झालं.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "आता पप्पांना सांग बरं, डब्यात काय होतं?"

तेजलचं बोट थांबलं. तिनं बापाकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ओठ हलले, मिटले. धनेशला राहवेना. आपण मदत करावी, आपल्याला येतं तेवढं तरी द्यावं, म्हणून त्यानं हळूच स्वतःचं बोट टेबलावर आपटायला सुरुवात केली. टक. टक. टक.

तेजलनं त्या बोटाकडे बघितलं. लॉनवर बघितलं होतं तसंच. मॅडमनी डोळ्यांनी खूण केली. धनेशनं हात ओढून घेतला आणि टेबलाखाली मांडीवर दाबून धरला.

मग तेजलचं बोट पुन्हा उचललं गेलं. आता तिनं स्वतःची चाल धरली होती, बापानं धरलेल्या चालीपेक्षा संथ. मान वर करून तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"म-ला. तुम-च्या. स-मोर. बो-ला-यचं. ना-ही."

एकही अक्षर अडखळलं नाही. पाच महिने ज्याची वाट बघितली ते वाक्य पुरं झालं होतं.

मॅडम काहीतरी सावरायला गेल्या. धनेशनं मानेनंच नको म्हटलं. "बरं बाळा," तो म्हणाला आणि उठला. दार ओढून घेतलं. बाहेर येतो न येतो तोच आतून पुन्हा तिचा आवाज आला. मेथीचा पराठा होता. अर्धाच खाल्ला. अर्धा मैत्रिणीला दिला. मैत्रिणीला लोणचं फार आवडतं. पोरगी भराभर सांगत होती, मध्येच हसलीही. धनेश दाराला कान लावून उभा राहिला. ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, की हे तिनं त्याला दिलेलं नाही. त्यानं कान काढला. आवाज येणार नाही इतका खाली, रस्त्यापर्यंत, तो जिना उतरून गेला.

फोन वाजला. लॅबमधून वर्षाली होती.

"अहो, बोलली का?"

"बोलली."

"तुमच्याशी?"

"माझ्याशी."

पलीकडे वर्षालीला हुंदका आला. तिनं लॅबमधल्या कुणाला तरी ओरडून सांगितलं, "बोलली गं माझी तेजल, बापाशी बोलली!" मग पुन्हा फोनवर आली. "अडखळली का हो?"

"नाही. एकदापण नाही."

"आणि काय म्हणाली? सांगा ना! काय म्हणाली तुम्हाला?"

दुकानात मिठाई घेणारी माणसं वळून बघायला लागली, तरी धनेशला रडू आवरेना, आणि लेक काय म्हणाली ते बायकोला सांगता येईना.