मी काळी पडले तेव्हा

मी बोलतेय, पाणी तपासायची बोटभर काचेची बाटली. नाक धरून वाचलंत तरी चालेल. मला माझीच शिसारी येते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी स्वच्छ होते. तळाशी चिमूटभर औषध, बास. पाणी भरून मला दोन दिवस ठेवायचं. पाण्यात माणसाची घाण असेल तर मी काळी पडते.

धाराशिवच्या कॉलेजातून मला श्रावस्तीनं बेंबळीला आणलं. पाण्याचा अभ्यास करायला सहा विद्यार्थी नेदरलँडला जाणार होते, त्यातली ती एक. प्रत्येकानं आपल्या गावचं पाणी तपासून नोंदी आणि फोटो न्यायचे होते. घरात नुसती गडबड. तिची आई सुमनबाई शेंगदाण्याची चटणी कुटत होती. धाकटा भाऊ बुद्धघोष सातवीतून शाळा सोडून ट्रॅक्टरवर जायचा. तो कुणाचा तरी स्वेटर मागून घेऊन आला आणि विमानाची खिडकी उघडते का, हे रोज विचारू लागला.

तिनं मला वस्तीच्या नळाखाली धरलं. त्या नळाचा गळका पाइप गटारातून येतो. गटारात काय वाहतं ते सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्यांचंच वाहतं. दुसऱ्या दिवशी मी डांबरासारखी काळी झाले.

"घोष्या, हे पितोय आपण," ती म्हणाली.

तो हसला. जन्मापासून पितोय, काय धाड भरली, म्हणाला. ती त्या दिवसापासून पाणी उकळू लागली. पण जे पोटात जायचं ते गेलं होतं.

आठवड्यानं तिचे डोळे पिवळे झाले. निघायला अठरा दिवस उरले होते. दवाखान्यात भरती झाले तर नाव कमी होईल, या भीतीनं ती अंगावर काढत राहिली. मग घोष्यानंच तोडगा काढला. शेजारच्या गावात दगडोबा कावीळ उतरवतात.

मी तिच्या पर्समध्ये होते. दगडोबांनी तिच्या हातांना कसलासा पाला चोळला आणि चुन्याच्या पाण्यानं हात धुतले. परातीतलं पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"बघ आक्का, निघाली सगळी. परातीत पडली," घोष्या म्हणाला.

"पाला आन् चुना हाय त्यो. तुझे हात धू, तुझंबी पिवळंच पडंल."

"तू शिकलीस म्हून आमाला येड्यात काढू नको."

सुमनबाईंनी दगडोबांपुढं हात जोडले होते. श्रावस्तीनं पुन्हा हात पुढं केले. तिलाही जायचं होतं ना.

रविवार, बुधवार, पुन्हा रविवार. तीन वेळा परात पिवळी झाली आणि तीन वेळा घरानं सुस्कारा सोडला. मंगळवारी तिला माणसं ओळखू येईनात. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

परातीतल्या पिवळ्या पाण्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. माझ्यातल्या काळ्या पाण्यावर तिच्याशिवाय एकाचाही बसला नव्हता. थू.

श्रावस्ती गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी उपसरपंच अमरसिंह यांनी विकतच्या पाण्याचे वीस जार पाठवले. पाहुण्यांना नळाचं पाजू नका, बरं दिसत नाही, असा निरोप होता. ते स्वतः आले, जारचं गार पाणी प्याले, मिशा पुसल्या.

घोष्या त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "पावन्यांला चालत न्हाय ते आक्काला कसं चाललं, साहेब?"

साहेबांनी हातातला ग्लास खाली ठेवला आणि ते चपला शोधू लागले.

कॉलेजच्या क्षमा मॅडम आल्या होत्या. श्रावस्तीच्या नोंदी आणि माझा फोटो तिच्या जागी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठवते, म्हणाल्या. बाटलीत ब्लीचिंग पावडर टाकून ती पुरून टाक, असंही घोष्याला सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. संध्याकाळी तार घेतली आणि मला वस्तीच्या नळाला करकचून बांधलं.

तेव्हापासून मी इथं लटकते आहे. बूच ढिलं झालंय, वास बाहेर येतो. खुशाल पुरा मला. पण आधी तो पाइप गटारातून वर काढा. माझ्या पोटात जे आहे तेच तुमच्या रांजणात आहे.

सकाळी बाया येतात. मला बघतात, नाकाला पदर लावतात, आणि माझ्याखाली घागर धरतात.