डावीकडचा नळ

हिवाळ्यात आम्ही मुक्कामाला असतो त्या पार्कात सगळ्यात मोठी करमणूक म्हणजे दुसऱ्याची कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढत आणलेलं चाकांवरचं घर, मागे घेताना बघणं. गेटातून गाडी आत शिरली की जो तो आपली घडीची खुर्ची आणि बियरचा कॅन उचलतो आणि बरोब्बर समोर येऊन बसतो. मदतीला कुणी उठत नाही. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हात हलवतेय, दोघं एकमेकांवर खेकसतायत आणि हे सगळे म्हातारे फिदीफिदी हसतायत. एकोणीस हिवाळे मी हे बघतेय, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलेय.

माझ्या नवऱ्यावर मात्र कधी कुणी हसलं नव्हतं. मर्व्हिननं चाळीस वर्षं आमच्या गावाकडे, दक्षिणेत बेंडिगोला, दुधाचा टँकर चालवला. बावीस फुटी कॅरव्हान तो एका दमात जागेवर लावायचा, एकदाही पुढे न घेता. मग इंजिन बंद करून, हॅट सारखी करत असा उतरायचा की लोक टाळ्या वाजवायचे. मागे कोण उभं होतं ते कुणी विचारत नव्हतं. मागे मी असायचे.

यंदा एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं, पडदा झिजलाय. समोरचं, मधलं दिसणं जाणार, कडेचं तेवढं राहील. गाडी आजपासून बंद. मर्व्हिननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन गाडीत बसल्यावर म्हणाला, "पोरीला सांगायचं नाही. पार्कात तर अजिबातच नाही."

"मग मी चालवते," मी म्हटलं.

"तू कॅरव्हान ओढतेयस आणि मी शेजारी बसलोय, हे लोकांनी बघायचं? त्यापेक्षा मला पुरून टाक."

मी तिथेच पाय रोवायला हवा होता. नाही रोवला, आणि तो काही त्याच्या प्रेमापोटी नाही. बेंडिगोच्या हिवाळ्यात सकाळी गवतावर पांढरं दव गोठतं आणि माझं कंबरेचं हाड मला रडवतं. इथे उत्तरेला, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, ऐन हिवाळ्यात जूनमध्ये मी अनवाणी चालते. शेजारच्या कोरलबरोबर भरतीच्या रेषेपर्यंत जाऊन येते, भोपळ्याचं सूप करते, शुक्रवारच्या सोडतीत बक्षिसाचा मांसाचा ट्रे मला लागतो का बघते. वर्षातले हे चार महिनेच मी माणसासारखी जगते. ते सोडायचे नव्हते, म्हणून मी गप्प बसले.

चार दिवसांचा रस्ता मी त्याचे डोळे होऊन काढला. "लाल दिवा. ट्रक, तुझ्या बाजूला. सायकलवाला, मर्व, सायकलवाला." रात्री अंथरुणावर पडल्यावरही माझ्या तोंडून तेच निघायचं. कुणाचा जीव गेला असता तर त्याला आम्ही दोघं जबाबदार ठरलो असतो, हे मला कळत होतं. तरी सकाळी मी सीटबेल्ट लावून बसायचे.

आणि मी दोन वॉकीटॉकी घेतल्या. हाताच्या खुणा आता त्याला आरशात दिसणार नव्हत्या. लोकांना सांगायचं, ओरडून घसा बसतो.

आमची जागा सात नंबरची, अगदी पुढच्या रांगेत, दारातून समुद्र. त्या दिवशी मी मागे उभी राहून हळू आवाजात बोलत राहिले. "सरळ ये. अजून. आता डावीकडे शेपटी काढ. बास. नळ हातभर लांब आहे. ये. ये. थांब." एका दमात लागली. टाळ्या पडल्या. सहा नंबरचा डेस, म्हणजे कोरलचा नवरा, ओरडला, "मर्व, लेका, तू काही म्हातारा होत नाहीस."

मर्व्हिन हॅट सारखी करत उतरला. "आणि हे नोलीन मागे असताना, बरं का. पन्नास वर्षं झाली लग्नाला, हिला डावं-उजवं अजून कळत नाही."

सगळे हसले. मीही हसले.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी पाचला सगळे आपापली खुर्ची, आपापला ग्लास घेऊन झाडाखाली जमतात. कुणी कुठल्याही विषयावर बोलो, मर्व्हिन ते माझ्या डाव्या-उजव्यावर आणून सोडायचा. गेल्या वर्षी त्यानं स्वतः कचऱ्याच्या डब्यावर घातलेली गाडीसुद्धा आता माझ्या नावावर जमा झाली.

"निदान ते एक तरी बोलू नकोस," मी आत आल्यावर म्हटलं.

"गंमत असते गं ती. तुला गंमत कळत नाही." मग दार ओढून घेत हळूच म्हणाला, "आणि तसं नाही बोललो तर उद्या कुणीतरी विचारेल, हे वॉकीटॉकीचं खूळ कशाला."

म्हणजे विचार करून चाललं होतं सगळं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी कांदा चिरत राहिले.

जुलैमध्ये पुढच्या रांगेखालचा सांडपाण्याचा पाइप फुटला. पार्क सांभाळणारी टॅमी दारोदार येऊन सांगून गेली की खोदकाम आहे, बुधवारी सकाळी दहाला सगळ्यांनी मागच्या रांगेत सरकायचं. मंगळवारी पाचच्या बैठकीत दुसरा विषयच नव्हता. डेसला मागे घेण्याची धास्ती. मर्व्हिन म्हणाला, "घाबरू नकोस, माझी लावून झाली की तुझीही लावून देतो." मी त्याच्याकडे बघत राहिले. याला ग्लासातली बियर संपली की नाही ते बोट घालून बघावं लागत होतं.

कोरल मला म्हणाली, "नोलीन, तू कधी चालवून बघितलीस का गं?"

मी तोंड उघडायच्या आत तो बोलला. "ही? ही नुसती शेजारी बसते त्याचंच मला ओझं होतं."

त्यावर जे हसू उठलं त्यात मी नव्हते.

बुधवारी दहाला ऊन लख्ख होतं. खुर्च्या मांडलेल्या होत्याच. नवी जागा अरुंद, आणि डावीकडे, चालवणाऱ्याला दिसत नाही त्या बाजूला, नळाचा लोखंडी खांब. मी मागे उभी राहिले. कोरल माझ्या शेजारी येऊन थांबली. मी बटण दाबून बोलू लागले, "सरळ ये. सरळ. आता डावीकडे थोडी काढ." तो बरोबर येत होता. तेवढ्यात त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि डेसला ओरडून सांगितलं, "बघ आता, ही मला धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवते."

लोक हसले. कॅरव्हानचा कोपरा खांबाकडे सरकत होता. हातभर राहिला. अंगठा माझा बटणावरच होता. एक शब्द बोलायचा होता, थांब. मला तो येत होता. मी बोलले नाही.

खांब वाकला, पत्रा फाटला आणि पाणी डोक्याइतकं उंच उडालं. आधी सगळे खो खो हसले. मग मर्व्हिन उतरला. कॅरव्हानच्या अंगावर हात फिरवत, चाचपडत तो मागे आला आणि सरळ पाण्याच्या फवाऱ्यात शिरला. हॅट पडली. तो दोन्ही हातांनी हवेत खांब शोधत होता, आणि खांब त्याच्या गुडघ्याशी होता. हसणं एकेक करून थांबलं.

"मर्व," डेस म्हणाला, "अरे, तुला दिसत नाही की काय?"

मर्व्हिननं ओला चेहरा आमच्या दिशेला वळवला. "वॉकीटॉकीची बॅटरी गेली," तो म्हणाला. "नाहीतर नोलीननं सांगितलं असतं."

माझ्या हातातल्या वॉकीटॉकीवर हिरवा दिवा जळत होता. कोरलनं तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि आपली खुर्ची घेऊन निघून गेली.

टॅमीनं नळ बंद केला आणि डेसनं दहादा पुढेमागे करत कशीबशी आमची कॅरव्हान जागेवर लावली. आम्ही दोघं आत समोरासमोर बसलो. मी त्याला टॉवेल दिला. चेहरा पुसत त्यानं विचारलं, "तुला दिसला तेव्हा खांब किती लांब होता?"

"हातभर."

"म्हणजे वेळ होता."

"होता."

त्यानं खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. रागावला असता, ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर डाव्या-उजव्याचं कुणी बोललं नाही. पाचला आम्ही गेलो की लोक त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलायचे, जणू कानच गेलेत. कोरलला सकाळी चालायला वेळ मिळेनासा झाला. मी एकटीच भरतीच्या रेषेपर्यंत जाऊन परत यायचे. ज्या चार महिन्यांसाठी मी गप्प बसले होते, ते मी असे घालवले. ऑगस्टच्या शेवटी टॅमीला सांगितलं की पुढच्या हिवाळ्याला सात नंबर दुसऱ्या कुणाला दे.

परतीला गाडी मी चालवली. येते मला, इतकी काही अवघड नसते. तो शेजारी मांडीवर हात ठेवून बसला.

पहिल्या मुक्कामाचं पार्क अनोळखी होतं आणि जागा दोन झाडांमध्ये. आम्ही शिरलो तशी लोकांनी खुर्च्या बाहेर काढल्या. मर्व्हिन आपणहून वॉकीटॉकी घेऊन उतरला आणि मागे जाऊन उभा राहिला. कडेचं त्याला दिसतं. झाडाचं खोड दिसण्याइतकं तर नक्कीच दिसतं.

"मर्व, येऊ का?" मी विचारलं.

बटण दाबल्याचा आवाज आला. त्याचा श्वास ऐकू आला. मी थांबले. मागून कुणीतरी हसलं. "मर्व, डावीकडे किती आहे?" श्वास तेवढा येत राहिला. शेवटी मी आरशात बघून मागे घेतली, आणि कॅरव्हानचा डावीकडचा दिवा खोडावर फुटला.

मी उतरून मागे गेले. "का रे बोलला नाहीस?"

"बॅटरी गेली होती," तो म्हणाला.

त्याच्या मुठीत हिरवा दिवा चालू होता. घर अजून तीन दिवस लांब होतं.