पाय घसरून

त्या चौकीत तक्रार घेऊन येणारा माणूस आत शिरताना ओरडत असायचा आणि बाहेर पडताना आभार मानत असायचा. ही किमया थोरलीची. वर्दीतली, चाळिशीची, भरल्या अंगाची बाई. खुर्ची पुढे करायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि माणसाचा श्वास जरा खाली बसला की हळूच विचारायची, "नीट आठवा हं. फोन हिसकावलाच का? की गर्दीत हातातून निसटला?"

"अहो, हिसकावला म्हणजे काय! हे बघा, मनगट सुजलंय."

"दिसतंय ना. पण चोरी म्हणून लिहिलं की मागे लचांड लागतं. ओळख पटवायला या, कोर्टात या, तारखेवर तारखा. तुमच्यासारख्या माणसाला कुठला वेळ? हरवला म्हणून लिहा, आत्ता शिक्का मारून देते."

माणूस घड्याळाकडे बघायचा. त्या भागात घड्याळाकडे न बघणारा माणूस सापडणं मुश्किल. बँका, शेअरबाजार, विमा कंपन्या, काचेचे मनोरे, आणि दिवसभर मुंग्यांसारखी धावणारी माणसं. तो सही करायचा. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर असल्यावर काय होत नाही? सोबतचे शिपाई तिला 'साखरबाई' म्हणत, आधी पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरही. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

चौकीवरच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. "गुन्हे कमी करणं आपल्या हातात नाही. आकडा आपल्या हातात आहे," असं ते हसत हसत सांगत. इमारतवाल्यांच्या संघटनेने चौकीला गारेगार हवेचं यंत्र दिलं होतं, नवीन टेबलं दिली होती, आणि चौकात भलामोठा फलक लावला होता : 'शहरातला सर्वांत सुरक्षित विभाग'. नवी कंपनी मजला भाड्याने घ्यायला आली की पहिला प्रश्न भाड्याचा आणि दुसरा गुन्ह्यांचा. उत्तर फलकावर तयारच असे.

थोरली काही दुष्ट नव्हती. गेलेला फोन परत आलेला तिने सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. मग उगाच लोकांना खेटे कशाला घालायला लावायचे? अशी तिने स्वतःच्या मनाची समजूत घातली होती, आणि समजूत घालण्यात तर तिचा हातखंडा.

घरी आई होती, अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. आणि धाकटी होती. वडील गेले तेव्हा धाकटी पाटीवर अक्षरं गिरवत होती. थोरलीने पोलिसात नाव घातलं, स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला सारला आणि तिला शिकवलं. ती शिकून विमा कंपनीत लागली, तीही चौकीच्या समोरच्याच इमारतीत. थोरलीला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं. धाकटी मैत्रिणींना सांगायची, "मला कसली भीती? खाली माझी ताई बसलीय."

बसथांब्याकडे जायला चौकीच्या बाजूनेच भुयारी रस्ता होता. त्याच्या पायऱ्यांच्या मधल्या वळणावरचे दिवे कित्येक दिवस बंद होते. एका संध्याकाळी धाकटी त्या वळणावर पोचली, तेव्हा एकाने पुढे होऊन पत्ता विचारला आणि दुसऱ्याने मागून मानेला पातं लावलं. "आवाज नको," तो म्हणाला. तिने आवाज केला नाही. पर्सही सोडली. पण पर्सचा पट्टा कोपरात अडकला. ती झोंबतेय असं त्याला वाटलं असावं. त्याने कोपरापासून मनगटापर्यंत पातं ओढलं. पट्टा सोडवायला तो वाकला तेव्हा त्याचा डावा कान तिच्या डोळ्यांसमोर आला. भाजून आक्रसलेला, मनुक्यासारखा.

ती पायऱ्या चढून थेट चौकीत आली. थोरली कुणाला तरी पाणी देत होती. तिने वळून पाहिलं आणि पेला हातातून सुटला.

खुर्चीवरचा टॉवेल ओढून तिने बहिणीचा हात बांधला आणि रस्त्यातली पहिली गाडी थांबवून दवाखाना गाठला. टाके पडत होते तेव्हा धाकटी भिंतीकडे तोंड करून एकच सांगत होती, "ताई, त्याचा कान भाजलेला होता. डावा. लिहून घे, नाहीतर मी विसरेन."

"लिहिते गं बाई. आधी टाके होऊ देत."

आणि थोरली खरंच लिहिणार होती. तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती शिपायाला फोन लावणार, तेवढ्यात साहेबांचाच फोन आला.

"बहीण कशी आहे?"

"टाके पडलेत, साहेब. लांबलचक जखम आहे. मी आत्ताच गुन्हा—"

"थांब, थांब. परवा कार्यक्रम आहे, माहितीय ना? वर्षभरात चाकूचा एकही गुन्हा नाही, हे मी छापून दिलंय. मंत्री येणार, संघटनेचे अध्यक्ष येणार. आणि पोलिसाच्याच बहिणीला, पोलिसाच्याच दारात कापलं, हे पेपरात आलं तर? आधी तुझीच चौकशी लागेल. पंचवीस पावलांवर होतीस तू."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझा बदलीचा अर्ज माझ्याकडे आहे," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आईसाठी घराजवळची चौकी मागितलीयस ना? बघू आपण. आणि त्या दोघांना मी शोधतोच, कागदाशिवाय. बहीण आहे, तुझं ऐकेल ती."

घरी आईला झोपवून दोघी स्वयंपाकघरात बसल्या. थोरलीने वरणभात कालवून बहिणीला भरवला, तिचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. चार घास पोटात गेल्यावर थोरलीने सुरुवात केली.

"हे बघ, गुन्हा दाखल केला की तुला पुन्हा पुन्हा बोलावणार. ऑफिसात चार तोंडांनी चर्चा होणार. इतक्या उशिरा का निघाली, त्याच रस्त्याने का गेली. तुला आत्ताच कुठे वरची जागा मिळालीय."

धाकटीने पुढच्या घासाला तोंड उघडलं नाही.

"कागदावर फक्त एवढंच, की पायरीवर पाय घसरला आणि पडलेल्या काचेवर हात कापला. त्यांना आम्ही शोधतोच, मी शब्द देते."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तू लोकांशी बोलतेस तशी माझ्याशी बोलतेयस."

थोरलीला घास कालवायचं सुचेना. "वेडी आहेस का?" ती म्हणाली. "मी तुझं वाईट करीन?"

जिने शाळेच्या फिया भरल्या, तापात उशाशी बसून रात्री काढल्या, ती वाईट कसं करील? दुसऱ्या दिवशी धाकटीने त्या कागदावर डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

कार्यक्रमाला खुर्च्या भरायला प्रत्येक कंपनीने माणसं पाठवली. धाकटीच्या साहेबांनी तिलाच खाली पिटाळलं, "नाहीतरी तुला आज टायपिंग जमणार नाही." मंचावर थोरलीला गुच्छ आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं, नागरिकांशी सौजन्याने वागल्याबद्दल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावरून थोरलीने तिसऱ्या रांगेत पाहिलं. धाकटी लांब बाह्यांचा सदरा घालून बसली होती. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून ती नुसती बसली होती.

त्या दोघांना कोणी शोधलं नाही. साहेबांनी विषय काढला नाही आणि थोरलीनेही नाही. एकदोनदा तिने दुपारच्या वेळी भुयारी रस्त्यात चक्कर मारली, येणाऱ्याजाणाऱ्यांचे कान पाहिले, आणि परत येऊन खुर्चीवर बसली. दिवे मात्र तिने संघटनेकडे दोनदा मागितले. उत्तर आलं की सुरक्षित विभागात त्यासाठी वेगळी तरतूद नाही.

महिना उलटला नसेल, त्याच वळणावर एका कॅन्टीनवाल्या बाईला गाठलं. दिवसाचा गल्ला तिच्या पिशवीत होता आणि तिने पिशवी सोडली नाही. ढकलाढकलीत ती पायऱ्यांवरून खाली गेली ती डोक्यावर. दोन दिवसांनी दवाखान्यातच तिचा जीव गेला. त्याआधी जरा शुद्धीवर आली तेव्हा नवऱ्याला एवढंच म्हणाली, "त्याचा कान जळका होता." पेपरात ते छापून आलं.

धाकटीने बातमी वाचली आणि पेपर तसाच हातात घेऊन उठली. थोरलीला विचारलं नाही. ती सरळ मोठ्या ठाण्यात गेली. खून झाल्यामुळे तपासाला वरून अधिकारी आला होता, बाहेरचा, पिकल्या केसांचा, कमी बोलणारा. तिने त्याला सगळं सांगितलं. पातं, पट्टा, कान. बाही वर करून व्रण दाखवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि चौकीतून तिचा कागद मागवला.

"सही तुमचीच ना?"

"हो. पण ते खरं नाही."

"मग तेव्हा खोटं बोललात. आता खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

"माझ्या ताईला विचारा," धाकटी म्हणाली. "तिनेच लिहून घेतलंय. तिला सगळं माहितीय."

थोरलीला बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या मागोमाग चौकीवरचे साहेबही आले आणि दाराशी उभे राहिले. खोलीत चौघंच. धाकटीने ताईकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट आता सुटले असा भाव होता.

"ही तुमची सख्खी बहीण," अधिकारी म्हणाला. "हिला कापलं होतं की ही पडली होती? खरं असेल ते सांगा. मला माणूस पकडायचाय, तुमच्या कागदांशी मला कर्तव्य नाही."

थोरलीच्या ओठांवर शब्द आला होता. पण खरं सांगायचं तर तेवढ्यावर भागणार नव्हतं. हा कागद खोटा, मग बाकीचे? वर्षानुवर्षांचे? नोकरी जाईल, खटला भरतील, आईची औषधं कोण आणील? आणि ती बाई मेली ती कुणामुळे, हेही मग कुणीतरी विचारील. दाराशी साहेब खाकरले.

"पडली होती, साहेब," थोरली म्हणाली.

तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण जिभेला सवय होती. "पाय घसरून. तेव्हापासून जरा हळवी झालीय. रात्री दचकून उठते. पेपरात कानाचं वाचलं आणि मनाने घेतलं तिच्या. लहानपणापासून अशीच आहे, ऐकलेलं सगळं आपल्यालाच झालंय असं वाटतं तिला. तिचं काही मनावर घेऊ नका, मी घरी नेते."

अधिकाऱ्याने धाकटीचा कागद फाईलला परत लावला. मग फाईल मिटली.

धाकटीने बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात भुयारी रस्त्यात झोपणाऱ्या दोघांना उचललं. दोघांचेही कान धडधाकट होते. त्यांनी मार खाऊन कबुली दिली. अधिकारी आला तसा परत गेला. वर्षात खून एक आणि त्याचा छडा लागला, म्हणजे शंभर टक्के यश, असं साहेबांनी मांडलं. त्यांना बढती मिळाली. जाताना त्यांनी शब्द पाळला आणि थोरलीच्या बदलीवर सही केली.

पण त्याच्या आधीच, ती कामावर असताना, धाकटी रुग्णवाहिका घेऊन आली होती आणि आईला घेऊन गेली होती. संध्याकाळी शेजारणीने थोरलीच्या हातात किल्ली दिली. आईचा पलंग, औषधांचा डबा, पाठीमागे लावायच्या उशा, सगळं गेलेलं. थोरलीने घेऊन दिलेली एकही वस्तू धाकटीने स्वतःसाठी नेली नव्हती. कपाटात तिच्या साड्यांच्या घड्या तशाच होत्या.

थोरलीने बरेच फोन केले. शेवटी पत्ता ऑफिसातून काढला आणि एका सुट्टीच्या दिवशी गेली. जाताना फळं घेतली, आईला आवडतो तो मऊ ब्रेड घेतला. दोन खोल्यांची जागा होती, चौथ्या मजल्यावर. दाराला तीन कड्या आणि एक साखळी. धाकटीने साखळी न काढता फटीतून पाहिलं, मग दार उघडलं.

"या," ती म्हणाली. "बसा."

थोरली उभीच राहिली. जन्मात धाकटीने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "हे काय गं?" ती कसंनुसं हसत म्हणाली.

"पाणी देऊ का तुम्हाला?"

धाकटीने पाणी आणून टेबलावर ठेवलं, हातात दिलं नाही. आतल्या खोलीतून आईचा अडखळता आवाज आला, "कोण... आलंय गं?"

"चौकीवरच्या बाई आल्यात, आई," धाकटीने आत सांगितलं. "काहीतरी चौकशी आहे त्यांची."

थोरली पडद्याशी गेली. आईची चांगली बाजू भिंतीकडे होती, तिला वळून बघता येत नव्हतं. "आई, मी आहे," असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण मग आई विचारणार, ही असं का म्हणाली. आणि त्याचं उत्तर धाकटी देणार. ती पडद्याला धरून उभी राहिली. माणसांना गोड बोलून वाटेला लावणाऱ्या त्या बाईला आईशी काय बोलावं ते सुचेना.

"झाली का चौकशी?" मागून धाकटी म्हणाली.

थोरलीने फळांची पिशवी टेबलावर ठेवली. धाकटीने ती उचलून परत तिच्या हातात दिली, अगदी सौजन्याने, आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना थोरलीला वरून कड्या लागल्याचे आवाज ऐकू आले. पहिली, दुसरी, तिसरी, आणि मग साखळी.