टाकीचं भोक आणि पाच गावांचा ठराव

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आखातातल्या तेलविहिरी पेटल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या गावच्या सोसायटीच्या डिझेल टाकीला खालून भोक पडलं. आमचे चेअरमन बाळासो रोज पेपर मोठ्यानं वाचत. त्यामुळे 'गळती' हा शब्द त्यांना फारच किरकोळ वाटला. ते म्हणाले, "हल्ला."

हल्ला म्हटल्यावर हल्लेखोर लागतो. तो चहा निवायच्या आत सापडला. टाकीमागच्या मोकळ्या जागेत मेंढपाळ मल्हारीचा तळ होता: तो, त्याची बायको सिंधूबाई, दोनशे मेंढरं आणि एक घोडं. मल्हारीच्या भावकीतले बहुतेक आता मेंढरं विकून ऊस लावत होते; बोट दाखवण्यात तेच पुढे होते.

"कुऱ्हाडीनं टोचली आसंल," जालिंदर म्हणाला. तो टाकीचा राखणदार. हल्ला ठरला तर त्याची झोप निर्दोष सुटत होती.

"कशासाठी टोचेल?" मी विचारलं.

"बाई, फिरस्ती मानसं ती. त्यास्नी कारन लागत न्हाई."

पाच गावांची बैठक बसली. भीमेपलीकडचा शिरूर तालुका म्हणजे आमच्या दौंडकरांना परदेशच. तिथले दोन सरपंच आल्यानं बैठकीला वजन आलं. भांडगावच्या पाहुण्यांनी दोन्ही बाजूंनी संयम पाळावा असं सुचवलं. एक बाजू टाकी होती. मग निषेध झाला आणि ठराव झाला: परवापासून पाचही गावांत मल्हारीला कुणी रान द्यायचं नाही, विहिरीवर पाणी पाजू द्यायचं नाही.

"तीस मेंढ्या गाभण हायेत," सिंधूबाई उभी राहून म्हणाली. "आठ दिसांत व्यातील. आत्ता चालवल्या तर निम्मी कोकरं वाटंतच मरतील."

बैठकीनं त्याची नोंद घेतली.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. आधी टाकी तपासू, असं मी म्हणाले. बाळासो खूश झाले. "पायजेच! पेपरातबी तज्ज्ञ आसत्यात. तपासा बाई, लेखी द्या. ठराव काय, झालेलाच हाय."

टाकी रिकामी करून कलती केली. मी प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन खाली वाकले. कुऱ्हाडीनं पडलेल्या भोकाच्या कडा आत वळतात. इथल्या कडा सरळ होत्या, पण कागदासारख्या पातळ. भोवतीचा वीतभर पत्रा खालच्या अंगानं खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेला होता आणि आतून गुळगुळीत होता. म्हणजे गंज मातीतून आला होता. टाकीचा चौथरा कधीच खचला होता, पत्रा जमिनीलाच टेकला होता. मी ती माती हातात घेतली. वास ओळखायला पदवी लागत नव्हती.

आमच्याकडे रानाला खत व्हावं म्हणून मेंढरं बसवतात आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य देतात. बाळासो चार वर्षं सोसायटीच्या जागेत मेंढरं बसवत होते. धान्य सोसायटीच्या गोदामातलं. लेंड्या मात्र ट्रॉलीनं त्यांच्या कांद्याला जात. मूत तिथंच मुरत होतं.

अहवालात मी तीन वाक्यं लिहिली. हत्याराची खूण नाही. मेंढरांच्या मुताने भिजलेल्या क्षारयुक्त मातीमुळे पत्रा बाहेरून गंजला. मेंढरे तेथे चेअरमनच्या सांगण्यावरून बसत होती.

पुन्हा पाचही गावं जमली. बाळासोंनी पहिलं वाक्य पुटपुटत वाचलं. दुसरं मोठ्यानं, दोनदा. मग चष्मा काढला, त्यामुळे तिसरं त्यांना दिसलं नाही.

"म्हंजी मेंढरांनीच फोडली! शास्त्रानं सिद्ध झालं!"

"पण बाळासो, बसवली तुम्ही," मी म्हणाले.

"बाई, बसा म्हनलं व्हतं. मुता कुनी म्हनलं व्हतं?"

बैठक हसली, आणि हसलेल्या बैठकीपुढे रसायनशास्त्राचा टिकाव लागत नाही. ठरावातली 'कुऱ्हाड' खोडून तिथं 'मूत्र' घातलं. बाकी मजकूर तोच राहिला. पलीकडच्या सरपंचांनी शास्त्रीय पुराव्याचं स्वागत केलं.

सकाळी मी तळावर गेले. मल्हारी घोड्यावर बिऱ्हाड चढवत होता.

"मी खरं तेच लिहिलं," मी म्हणाले.

"व्हय की," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "कुऱ्हाड म्हनत व्हते तवर मी भंडारा उचलून न्हाई म्हनत व्हतो. दोन गावं ऐकाय लागली व्हती. आता तुम्ही लिवून दिलंय. मेंढरू मुतत न्हाई, आशी शपथ कशी घिऊ, बाई?"

सिंधूबाईनं घोड्याचा कासरा धरला. भीमा ओलांडायचा उतार तीन कोसांवर होता. पहिली मेंढी वेशीपाशीच व्यायला बसली, पण आतल्या अंगाला. जालिंदर पळत आला आणि तिला तेवढी चार पावलं पलीकडं सरकवा म्हणाला. ठराव लागू झाला होता.