बटणं भिजत नाहीत

पुस्तक मावशीने आणून दिलं. आईची धाकटी बहीण. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती जिना चढत नाही, त्या दिवशी चढली. दारातच म्हणाली, "पान एकशे बारा. वाच आणि मला सांग, तू जिवंत आहेस की मेलीस."

एकशे बाराव्या पानावर आई होती. निवारा केलेल्या शाळेच्या व्हरांड्यात, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसलेली. खाली चार ओळी होत्या: 'चक्रीवादळात घर गेलं. जन्मभर शिवणकाम केलेल्या या हातांनी एकच गोष्ट वाचवली, कुटुंबाच्या जुन्या फोटोंचा डबा. तिला कोणी नव्हतं. पुस्तक छापायला जाईपर्यंत तीही नव्हती.'

शेवटचं वाक्य जमल्यावर लिहिणारा स्वतःवर खूश झाला असणार. इतकी वर्षं वाचत आल्यावर हे मला कळतं. मुखपृष्ठावर चिखलाचा पोत छापला होता, बोटांना खरखरीत लागेल असा. बोटं मात्र स्वच्छ राहत होती.

"कोणी नव्हतं म्हणे," मावशी म्हणाली. "म्हणजे मीपण नाही. आपण दोघी गेलो बघ एका ओळीत, वादळाशिवाय."

"रस्ते बंद होते, मावशी," मी म्हटलं. गेले दहा महिने मी हेच म्हणत होते.

"ते माहितीये मला. पण ही ओळ काढायला लाव. लोक वाचतात."

दुसऱ्या दिवशी मी त्या संस्थेत गेले. विस्थापितांच्या मुलाखती घेऊन त्यांनी पुस्तक केलं होतं, दुसरी आवृत्ती महिन्याभरात निघणार होती. प्रमुखांच्या खोलीत भिंतभर मोठे केलेले फोटो होते. संडासची रांग. चिखलातून पातेलं काढणारा हात. एक बाई भिंतीकडे तोंड करून ओकतेय, तिलाही चौकट. त्या चौकटीखाली चहा आणि बिस्किटं. प्रमुखांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं. मग बोलता बोलता ते चमच्याने त्याचा लगदा वर काढून खात राहिले.

"ती ओळच तर लागते ताई लोकांना. एक बाई वाचता वाचता रडल्या, इथे, याच खुर्चीत."

खुर्चीत मी बसले होते. मी जरा पुढे सरकले.

"ओळ खोटी आहे," मी म्हटलं. "मी तिची मुलगी आहे."

त्यांच्या मिशीला लगदा लागला होता. डोळे एकदम चमकले. "मुलगी? अहो, मग तुम्ही आधी का नाही आलात! शेवटचं प्रकरणच झालं हे. तुम्हाला त्याच व्हरांड्यात बसवू, मांडीवर तोच डबा. डबा आहे ना तुमच्याकडे?"

डबा होता. माझ्या कपाटात, अजून न उघडलेला. पण त्या माणसाला हो म्हणायचीसुद्धा मला शिसारी आली.

"ओळ काढा," मी म्हटलं.

"रेकॉर्डिंगशिवाय आम्ही एक शब्द छापत नाही," ते जरा दुखावून म्हणाले आणि त्यांनी मुलाखत घेणाऱ्या बाईंना हाक मारली.

बाई माझ्याच वयाच्या होत्या, पिकलेले केस तसेच ठेवलेल्या. त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं, हेडफोन दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आधी पंख्याची घरघर. बादलीत पडणारं पाणी. मग बाईंचा आवाज:

"डब्यात काय आहे, काकू?"

"बटणं."

दहा महिन्यांनी ऐकला मी तो आवाज.

"नुसती बटणं?"

"नुसती कशाला? चाळीस वर्षांची आहेत. लोक कपडे फेकतात, मी आधी बटणं काढून घेते."

"फोटो वगैरे नाहीत?"

"फोटो भिजतात बाई. बटणं भिजत नाहीत. घर सोडताना एवढी तरी अक्कल चालवायला नको?"

मागे तीन-चार बायका हसल्या.

"काकू, जरा हसू नका ना. आमच्या सरांना हसलेलं चालत नाही."

"मग सरांना आण इथे. संडासच्या रांगेत उभं कर. आपोआप उतरेल तोंड."

पुन्हा हसणं. मग बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण, काकू?"

"कोणी नाही लिही."

"मुलंबाळं?"

बादली भरून वाहत होती. कुणीतरी नळ बंद केला.

"आहे गं. मुलगी आहे. पण कोणी नाही असंच लिही. आहे म्हटलं की तुझा पुढचा प्रश्न ठरलेला, मग न्यायला का नाही आली? काय सांगू? तिच्या खोलीत पुस्तकं वाळत घातलीत म्हणून?"

आई एकटीच हसली.

खरं होतं ते. वादळात माझ्या खिडकीची काच फुटली आणि जादा खोलीतली पुस्तकं भिजली. ती मी पलंगावर, जमिनीवर पसरली, पानापानांत टिपकागद घातले. आईने निवाऱ्यातून कुणाच्या तरी फोनवरून मला फोन केला, तेव्हा मी म्हटलं, आठ दिवस थांब, खोली मोकळी होऊ दे. ती म्हणाली, "वाळू दे. माणूस काय, उभ्या उभ्या वाळतं." मीही हसले होते. आठाचे एकोणीस दिवस झाले, मग तिला ताप आला. निवाऱ्यातून ती थेट हॉस्पिटलात गेली. पुस्तकं मात्र छान वाळली. एकालाही बुरशी धरली नाही.

मी हेडफोन काढला. बिस्किटाचा लगदा खाणाऱ्या माणसाची किळस मी केवढ्या ऐटीत घेऊन आले होते.

"ती ओळ काकूंनी सांगितली म्हणून घातली," बाई खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "डब्यातले फोटो सरांनी घातले. म्हणाले, बटणांनी कोण रडणार?"

त्यांनी दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ आणि पेन पुढे ठेवलं. मी 'कुटुंबाच्या जुन्या फोटोंचा' खोडलं आणि 'बटणांचा' लिहिलं. पुढच्या ओळीवर पेन नेलं, थांबले, आणि टोपण लावलं.

प्रमुख दारात आले. मिशी अजून तशीच. "मग ताई, व्हरांड्याचं नक्की?"

"नाही."

"आणि ओळ?"

"राहू दे. तिची आहे."

घरी पोचते न पोचते तोच मावशीचा फोन. "काढली का गं ती ओळ?"

मी पुस्तकांच्या खोलीत उभी होते. पलंग रिकामा होता.

"मावशी, रस्ते चौथ्याच दिवशी सुरू झाले होते."

पलीकडून आईने सांगितलेला तो ठरलेला प्रश्न आला.