ओढ्याकाठच्या माश्यांचं माप

"अभिनंदन हो माशीबाई! परत आल्या म्हणे तुमच्या माश्या!"

पाववाला दुकानाच्या पायरीवरून एवढ्या मोठ्यानं ओरडला की समोरचा न्हावीसुद्धा कुणाच्या तरी गालावर वस्तरा तसाच ठेवून बाहेर डोकावला. माशीबाई हसली. पायाचं प्लास्टर निघून चारच दिवस झाले होते, हातात काठी होती, आणि तरी तिला वाटत होतं की आत्ता पळावं. निसर्ग संरक्षण विभागानं सकाळीच बातमी दिली होती: ओढ्याकाठचे कीटक वाढले, संरक्षण यशस्वी झालं.

माशीबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ओढ्याच्या काठी जाळीचा तंबू लावून ती विभागासाठी कीटक मोजायची, म्हणून गल्लीनं बारसं केलं होतं. आधी ती चिडायची, मग त्या नावानं हाक मारली की 'ओ' द्यायला लागली. काम दिसायला सोपं. उडणारा जीव जाळीवर आपटतो, उजेडाकडे जायच्या ओढीनं वर वर चढतो आणि वरच्या टोकाला अडकवलेल्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये पडतो. आठवड्यानं बाटली बदलायची, आतलं गाळून त्याचं वजन करायचं. थोडे जीव घेऊन बाकीच्यांचा जीव वाचवायचा, असा हा अवघड हिशेब. दर बाटलीला ती मनातल्या मनात हात जोडायची आणि मगच झाकण उघडायची.

या कामाला नियम मात्र एकच, आणि तो देवाच्या मूर्तीसारखा: एकदा बसवली की हलवायची नाही. तंबूची जागा तीच, खुंटे तेच, तोंड त्याच दिशेला. तरच या वर्षीचं वजन मागच्या वर्षीच्या शेजारी मांडता येतं. तसं मांडत मांडत तिनं एक रेघ काढली होती, आणि ती रेघ दर वर्षी खाली उतरत होती. त्या उतरत्या रेघेच्याच जोरावर ओढ्याकाठच्या ओल्या गवतावर डासांच्या औषधाची फवारणी बंद होती. लोकांना ती हवी होती, डास कुणाला आवडतात? पण बंदी टिकली होती. येत्या शुक्रवारी सभा होती, बंदी ठेवायची की उठवायची ते ठरवायला.

विभागाच्या कचेरीत मागची खोली तिची. टेबलावर तराजू, बशा, चिमटे, आणि खिडकीत या मोसमातल्या बाटल्या ओळीनं. ओढ्याच्याच दगडावरून घसरून तिचा पाय मोडला, तेव्हापासून तिचे बाबा बाटली बदलून थेट इथे आणून देत आणि कारकून वजन करून तिला फोनवर सांगे. आकडा चढायला लागला तसं तिला वाटायचं, पाय मोडला ते बरंच झालं, कुणाची तरी दृष्ट माझ्या हाडावर निघाली.

तिनं हात जोडले, एक बाटली उघडली आणि बशीत ओतली.

पट्टेरी माश्या. फुलांवर जागच्या जागी तरंगतात ना, त्या. इवल्याशा मधमाश्या. दोन गांधीलमाश्या. ती चिमट्यानं एकेक बाजूला सारत गेली. चिखलात वाढणाऱ्या, लांब तंगड्यांच्या माश्या कुठे आहेत? शेपटीला दोरे असलेल्या, पाण्यातून निघून एका दिवसात मरणाऱ्या त्या नाजूक माश्या? एकही नाही. तिनं दुसरी बाटली ओतली, मग तिसरी. सगळीकडे फुलांचे पाहुणे. पाण्याचं माणूस एक नाही.

हा ओढ्याचा तंबूच नव्हता.

*

बाबा आयुष्यभर शिंपी होते. दुकान बंद झालं तरी शिवणयंत्र खिडकीशी होतं, आणि ते त्यावर शेजाऱ्यांच्या पडद्यांना दुमड घालत बसायचे. ती घरात शिरली ती काठी आपटतच.

"तंबू कुठे लावलाय?"

"आलीस? बस आधी. पाय बघ कसा सुजलाय..."

"बाबा, तंबू कुठे लावलाय?"

यंत्राचं चाक थांबलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. मुळात तो स्वच्छच होता.

"शाळेच्या कुंपणाशी," ते म्हणाले. "पलीकडे. ओढ्यापासून लांब नाही गं. तिथे वेलाला एवढी फुलं लागलीत, काय सांगू! नुसती घूं घूं चाललेली असते. पहिल्या खेपेला ओढ्याची बाटली काढली, तर तळाला चार कस्पटं. दुसऱ्या खेपेला तेच. घरी आलो, तुला सांगितलं, आठवतंय? तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस, जेवलीसुद्धा नाहीस. आधीच पाय मोडलेला. म्हटलं, पोरीला माश्या हव्यात ना, मग आहेत तिथे लावावा तंबू. कोळी कधी कोरड्या डबक्यात जाळं टाकतो का?"

"मी कोळी नाहीये, बाबा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या काकूंची खिडकी उघडली. "मला माश्या धरायच्या नाहीत! त्या किती उरल्यात ते बघायचंय! रोगी इथे गार पडत चाललाय, आणि तुम्ही थर्मामीटर काढून शेजाऱ्याच्या काखेत लावलात! वर मला सांगता, ताप-बीप काही नाही, ठणठणीत आहे!"

"मला काय ठाऊक..."

"मला विचारायचं! एवढं तोंड दिलंय देवानं, एकदा विचारायचं! आता त्या आकड्यावर बंदी उठेल. सगळ्या काठावर औषध मारतील. जे चार जीव उरलेत तेही जातील, आणि का? तर माझ्या बापाला मुलीचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं!"

बाबांनी पडद्याची दुमड सरळ केली, पुन्हा वाकडी केली. माया ही फार गोड गोष्ट आहे, पण डोळे मिटून वाटली की कुणाच्या ताटात विष पडतंय तेही दिसत नाही. हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांची मान जी खाली गेली ती वर आली नाही. आणि तिला त्यांची दया येत होती, म्हणून तर तिचा राग दुप्पट पेटला. दया येते त्या माणसावर धड रागावताही येत नाही.

ती तशीच उलट पावली कचेरीत गेली.

*

विभागप्रमुख साहेब फोनवर होते. हसत होते. फोन ठेवून त्यांनी तिला खुर्ची दाखवली, ती बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: तंबू हलला आहे, वजन कुंपणाचं आहे, बातमी आजच्या आज मागे घ्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली.

"बाई, किती वर्षांनी या खात्यातून चांगली बातमी बाहेर गेलीय. लोक खूश आहेत. वरचे खूश आहेत. पचू द्या की जरा."

"पण ती खोटी आहे."

"माश्या खोट्या आहेत का? बाटलीत आहेत ना? तराजू खोटा आहे?"

"जागा खोटी आहे!"

"जागा, जागा. माशीला पंख असतात, बाई. आज इथे, उद्या तिथे." ते पुढे झुकले आणि आवाज मऊ झाला. लोण्यातून सुरी फिरावी तसा. "आणि हे बोभाटा करण्यासारखं आहे का? सरकारी तंबू कुणी हलवला? तुमच्या वडिलांनी. कुणाच्या जबाबदारीवर? तुमच्या. म्हातारपणी त्यांचं नाव सभेत निघायचं, तुमचं काम जायचं. मी आपला तुमच्याच भल्याचं सांगतोय."

माशीबाईला पहिल्यांदा कळलं की राग फार झाला की माणूस ओरडत नाही. कान बंद झाल्यासारखे होतात आणि समोरच्याचे फक्त दात दिसतात.

"शुक्रवारी भेटू," ती म्हणाली.

*

सभागृहात लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या आणि मध्येच किंचाळणारा माइक. पाववाला होता, न्हावी होता, डासांनी बेजार झालेले काठावरचे रहिवासी होते. समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत होत्या. बाबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. दोन दिवसांत बापलेकीत 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे शब्द झाला नव्हता.

साहेबांनी पडद्यावर रेघ दाखवली. वर्षानुवर्षं उतरत आलेली ती रेघ शेवटी फणा काढल्यासारखी उभी राहिली होती. "बंदीचं पथ्य लागू पडलं," साहेब म्हणाले, "रोगी बरा झाला. आता बंदीची गरज उरली नाही." टाळ्या पडल्या.

माशीबाई उठली. "ते शेवटचं टोक खोटं आहे," ती म्हणाली आणि कुणाचं नाव न घेता सांगितलं की मोसमाच्या सुरुवातीलाच तंबू जागचा हलला होता.

साहेब हसले. वाट बघत असल्यासारखे. "ऐकलंत? बाईंच्या घरच्याच माणसानं तंबू हलवला! आज हे कळलं. मागच्या वर्षांत कुणी कुणी हलवला असेल, कोण सांगणार? मग सगळीच रेघ संशयाची. आणि संशयाच्या रेघेवर या लोकांनी डास किती दिवस सोसायचे?"

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. याच माणसानं खोटी रेघ भिंतीवर लावली, आणि आता तोच त्या खोट्याच्या दोरीनं खऱ्याला फास लावत होता.

"मी तुम्हाला बुधवारी सांगितलं होतं!" तिचा आवाज फाटला. "तुमच्या खोलीत, उभं राहून सांगितलं! माझ्या घरच्यांनी चूक केली. कळत नव्हतं, म्हणून केली. तुम्हाला कळलं, आणि कळल्यावर तुम्ही ही रेघ इथे लावलीत. याला चूक नाही म्हणत, साहेब. याला पाप म्हणतात!"

"बाई, भाषा सांभाळा..."

"घरचा माणूस म्हणजे मी," मागून आवाज आला.

बाबा उभे होते. माइक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, पण जन्म शिवणयंत्राच्या खडखडाटावरून बोलण्यात गेलेला, आवाजाची वाण नव्हती.

"तंबू मीच हलवला. का हलवला तेही सांगतो. ओढ्याची बाटली रिकामी होती. माश्या असत्या तर हा म्हातारा खुंटे उपटत कशाला बसला असता? मला काय दुसरा उद्योग नाही?"

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी मात्र चष्मा सरळ केला.

"मी शिंपी. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की मी कधी तोंडावर सांगितलं नाही. 'कंबर आहे तेवढीच आहे हो' म्हणायचो. इथे बसलेत त्यातल्या पुष्कळांना म्हटलंय." पाववाल्यानं पोट आत घेतलं. "पण कापड बेतताना? तिथे खरंच माप धरायचो. कात्री कधी खोट्या मापावर चालवली नाही, नाहीतर सगळं गाव उसवलेलं फिरलं असतं. मी पोरीशी गोड खोटं बोललो, माझं चुकलं, ती मला बोलली, बरं केलं. पण साहेब, माप खोटं आहे हे ठाऊक असून तुम्ही कात्री उचललीत. अहो, निदान कापडाची तरी कीव करा! एकदा कापलं की पुन्हा अख्खं होत नाही."

सभागृहात कुणीच टाळी वाजवली नाही. अध्यक्षबाईंनी मान वळवली.

"साहेब, बाईंनी तुम्हाला बुधवारी सांगितलं होतं?"

"तोंडी काहीतरी बोलल्या होत्या. लेखी काही..."

"म्हणजे सांगितलं होतं."

साहेब डबीतल्या टाचण्या शोधाव्यात तसे खिसे चाचपत राहिले.

निकाल लागला तो असा: या वर्षीचं वजन रद्द. तंबू जुन्या जागी लावायचा, पुढचा पुरता मोसम मोजायचा, आणि तोवर फवारणी नाही. काठावरचे रहिवासी कुरकुरत उठले. साहेबांना एक शब्द कुणी बोललं नाही. बातमी मागे घ्यायची पद्धत नसते, असं ते दारात कुणाला तरी सांगत होते.

जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही. रेघेला एका वर्षाचं भोक पडलं होतं, आणि ते आता जन्मात बुजणार नव्हतं. घरी जाताना रस्त्यात एक ओळखीची बाई म्हणाली, "परत आल्या म्हणे माश्या!" माशीबाई तिथेच थांबली आणि भर रस्त्यात, काठी उगारून, पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग पुढच्या कोपऱ्यावर आणखी एकाला. त्या दिवसापासून तिचं हेच चाललंय. बातमी पायाला चाकं लावून गेली होती, आणि खरं तिच्या मागून लंगडत निघालं होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओढ्यावर गेली. जुन्या खुंट्यांची भोकं अजून गवतात दिसत होती. बाबा गुडघ्यावर बसून ठोकत होते.

"तोंड त्या झाडाकडे!" ती खेकसली. "त्या झाडाकडे, बाबा! किती वेळा सांगू?"

"अगं, तिकडेच करतोय."

"आणि दोरी ताणा. ढिली पडली की जाळी झोळासारखी लोंबते."

"मला शिवण शिकवतेस?" ते पुटपुटले, पण दोरी ताणली. मग रिकामी बाटली वर अडकवून तिच्याकडे न बघता विचारलं, "आठवड्यानं मीच येऊ ना काढायला? का आता नको?"

तिनं पाण्याकडे बघितलं. पाणी वाहत होतं. त्यावर काही उडत नव्हतं.

"तुम्हीच या," ती म्हणाली. "पण रिकामी निघाली तर रिकामीच आणा. आणि मी रडले तर रडू द्या."